बारशाआधी बाळाच्या कानांची तपासणी

बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालतात. आत्या वाकून त्याच्या कानात ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हसणे-खिदळणे होते, घुगऱ्या वाटल्या जातात. पिढ्यान्‌पिढ्या आपण असे बाळाच्या कानात नाव सांगत आलो आहोत. ते नाव त्याला ऐकू गेले की नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. विचारण्याची सोयच पूर्वी नव्हती. आज ती आहे, आणि बारशाच्या आधीच उत्तर मिळू शकते.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावातून पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी दवाखान्यात आल्या. तक्रार एवढीच, की मुलगा बोलत नाही. बाकी तब्येत उत्तम, खेळकर, हुशार. आजी म्हणाली, “ह्येचो बापूस पण चौथ्या वर्साक बोलाक लागलो.” देवाला गाऱ्हाणे घालून झाले होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून जिभेखालचा पडदा कापून आणला होता. एका दवाखान्यात ‘तीन वर्षांपर्यंत वाट पाहा’ असा सल्ला मिळाला होता. मुलाला ऐकू येते का, असे मी विचारले तेव्हा आजी थोडी रागावलीच. दार आपटले की तो वळून बघतो, थाळी पडली की दचकतो, मग ऐकू कसे येत नाही?

मुंबईला तपासणी झाली. दोन्ही कानांना मोठ्यातल्या मोठ्या आवाजालाही प्रतिसाद नव्हता. अहवाल घेऊन ती आई परत आली तेव्हा तिने एकच विचारले, “डॉक्टर, ह्या जल्माच्या वेळीच समाजला नसता काय?” समजले असते. म्हणूनच या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

घरच्यांना का समजत नाही?

आईबापांचे लक्ष नसते असे मुळीच नाही. बहिरेपण दिसत नाही, आणि ते लपवण्यात बाळ स्वतःच नकळत मदत करते. जन्मतः ऐकू न येणारे मूलही रडते, हसते, पहिले पाच-सहा महिने ‘आऽ’, ‘ऊऽ’ असे आवाज काढते. ऐकू येणारे मूल पुढे याच आवाजांतून ‘बाबा’, ‘मामा’कडे जाते. ऐकू न येणाऱ्याचे आवाज हळूहळू थांबतात, पण तोवर घरच्यांची खात्री पटलेली असते.

थाळी वाजवून घेतलेली परीक्षाही फसवी असते. दार आपटले की जमीन हादरते, हवेचा झोत लागतो. टाळी वाजवणाऱ्याचा हात किंवा त्याची सावली डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. कमी ऐकणाऱ्या मुलाची नजर तीक्ष्ण होते, ते चेहऱ्यावरून आणि हातवाऱ्यांवरून बरेच ओळखते. शिवाय अर्धवट बहिरेपणात थाळीसारखा मोठा आवाज खरोखरच ऐकू येतो. ऐकू येत नाही ते बोलणे. त्यातही ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज. असे मूल शाळेत मागे पडते आणि ‘मठ्ठ’ ठरते.

हे लवकर कळण्याची एवढी घाई कशाला, असे कोणी विचारील. गर्भात साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात, म्हणजे जन्माला येताना आईचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाज मिळाला तरच घडतो. पहिली तीन-साडेतीन वर्षे या घडणीची. या काळात आवाज पोचला नाही, तर तो भाग इतर कामांना लागतो आणि नंतर यंत्र लावूनही बोलणे उलगडणे फार अवघड होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीडशे बहिऱ्या मुलांची तुलना केली होती. सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखलेली मुले ७२ होती, त्यानंतर ओळखलेली ७८. लवकर ओळखलेल्या मुलांची भाषा इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. बहिरेपण सौम्य असो की तीव्र, घर सधन असो की गरीब, हा फरक टिकून राहिला.

पाच-दहा मिनिटांचे काम

लंडनमध्ये डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञाने १९७८ साली एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. कान नुसता ऐकत नाही, तो उलट बारीकसा आवाजही करतो. आतल्या शंखासारख्या भागातील केशपेशी आवाज पोचताच हलतात आणि त्यांचा क्षीण प्रतिध्वनी कानातून बाहेर येतो. या शोधावरच आजची ओ.ए.ई. तपासणी उभी आहे. बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवतात. त्यातून टिकटिक असा हलका आवाज जातो आणि त्याच टोकातला सूक्ष्म मायक्रोफोन प्रतिध्वनी टिपतो. टोचणे नाही, भूल नाही. दूध पिऊन झोपलेले बाळ असेल तर दोन्ही कान पाच-दहा मिनिटांत होतात. या आवाजाने कोवळ्या कानाला इजा होईल ही भीती अनाठायी आहे. बारशाला शेजारी वाजणारा ताशा त्याहून कितीतरी मोठा असतो.

यंत्रावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ असे उत्तर येते. रेफर म्हणजे बहिरा, असे नव्हे. पुन्हा तपासा, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या दिवशी बाळाच्या कानात गर्भजलातला चिकटा असतो, म्हणून शक्यतो चोवीस तास उलटल्यावर, घरी सोडण्यापूर्वी तपासणी करावी. तरीही रेफर आलेली बहुतेक बाळे दुसऱ्या खेपेला पास होतात. दुसऱ्यांदाही रेफर आले तर ‘बेरा’ तपासणी करतात. कपाळावर आणि कानामागे पट्ट्या चिकटवून, आवाज कानाकडून मेंदूपर्यंत पोचतो का, हे त्यात पाहतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा ज्यांची कावीळ फार वाढली होती अशा बाळांना ओ.ए.ई. पुरत नाही. त्यांचा कान चांगला असून पुढची नस बिघडलेली असू शकते, म्हणून त्यांना बेराच हवी.

जगभरात मान्य झालेला साधा हिशेब असा : एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू.

सर्वांचीच तपासणी का? कमी दिवसांचे, कमी वजनाचे, जन्मतः न रडलेले, मेंदूज्वर झालेले बाळ, गरोदरपणी आईला रुबेला झालेला असणे, घराण्यात बहिरेपण असणे, ही जोखमीची कारणे डॉक्टरांना ठाऊक असतात. जवळच्या नात्यातले लग्न हेही त्यातलेच, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवे नाही. पण जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांत यातले एकही कारण नसते. पावणेतीन वर्षांच्या त्या मुलातही नव्हते. जोखमीचीच बाळे तपासली, तर निम्मी मुले हातची जातात.

सक्ती कोणावर?

हजार जन्मांमागे एक ते तीन बाळांना कायमचे बहिरेपण असते, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. आपल्या देशातील काही पाहण्यांत हे प्रमाण जास्तही आढळले आहे. सिंधुदुर्ग जिल्हा लहान. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेआठ लाख. समजा, वर्षाला पाच हजार बाळे जन्मली, तर त्यांतली पाच ते पंधरा अशी असणार. म्हणजे दर महिन्याला जिल्ह्यात कुठे ना कुठे एका आत्याने सांगितलेले नाव बाळापर्यंत पोचत नाही.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. सर्व मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करून जोखमीची मुले शोधावीत, असे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या २५ व्या कलमात होते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५ व्या कलमातही आहे. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. इंग्लंडने २००१ ते २००६ या काळात प्रत्येक बाळाच्या तपासणीची व्यवस्था उभी केली. आपल्याकडे मात्र जन्मल्याबरोबर बी.सी.जी., पोलिओ आणि काविळीची लस जशी न मागता मिळते, तशी कानाची तपासणी सर्वत्र मिळत नाही. ज्याला माहिती आहे तो मागून घेतो.

माझे मत स्पष्ट आहे. ही तपासणी सक्तीची असावी, पण सक्ती प्रसूतिगृहावर आणि शासनावर असावी, बाळंतिणीवर नव्हे. सरकारी असो वा खासगी, बाळ घरी सोडण्याच्या कागदावर दोन्ही कानांचा निकाल लिहिलेला असलाच पाहिजे. प्रत्येक लहान रुग्णालयाला यंत्र कसे परवडणार, हा आक्षेप खरा आहे. त्याला केरळमधील एर्नाकुलमच्या बालरोगतज्ज्ञांनी २००३ पासून दिलेले उत्तर आपल्याला घेण्यासारखे आहे. तिथे यंत्र आणि ते चालवणारी व्यक्ती ठरलेल्या दिवशी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाते. बाळांना फिरवण्याऐवजी यंत्र फिरते. सोमवारी मालवण, मंगळवारी कणकवली, बुधवारी सावंतवाडी असा फेरा आपल्या जिल्ह्यात अशक्य का वाटावा?

खरी अडचण पुढे आहे, आणि ती खास आपली आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. लेक मालवणला येते, बाळ जन्मते, बाळाला रेफर येते, दुसऱ्या तपासणीची तारीख मिळते. तोवर तिची जायची वेळ होते आणि बाळासह ती मुंबईला किंवा गोव्याला सासरी जाते. रेफरचा कागद माहेरच्या कपाटात राहतो. इथल्या आशाताईच्या वहीतून बाळाचे नाव जाते आणि तिथल्या वहीत कोणी ते चढवत नाही. तपासणी सक्तीची झाली आणि ही गळती तशीच राहिली, तर आकडे छान दिसतील आणि मुले तशीच राहतील. उपाय साधा आहे. निकाल सुट्या कागदावर न देता माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावा. हे कार्ड लसीसाठी सगळीकडे फिरते. दुसरी तपासणी दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच ठेवावी. आणि सासूबाईंना, नवऱ्याला ही गोष्ट प्रसूतिगृहातच सांगावी. ‘आमच्या घराण्यात कोणी बहिरो नाय’ हे वाक्य मग घरी ऐकावे लागत नाही.

निदान झाल्यावर

बहुतेक मुलांना कानामागे लावायचे श्रवणयंत्र काही महिन्यांच्या वयातही बसवता येते. बाळाचा कान वाढतो तसा कानातला साचा बदलावा लागतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत यंत्र लवकर बिघडते, म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवावे. यंत्राचा उपयोग होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया असते. केंद्राच्या ॲडिप योजनेत २०१४ पासून, उत्पन्नाची अट पाळून, जन्मतः बहिऱ्या मुलांना पाच वर्षांच्या आत त्यासाठी मदत मिळते. हे काम वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. ही संस्था १९८३ साली स्थापन झाली आणि तिथे तपासणी व वाचाशिक्षणाची सोय आहे. पाच वर्षे ही मर्यादा आहे, योग्य वय नव्हे. जितके लवकर तितका लाभ मोठा. शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने शिकवणी लागते आणि तिचा मोठा भाग आईबापांनीच घरी घ्यायचा असतो. ज्या मुलाला यंत्राने भागत नाही, त्याला खुणांची भाषा वेळेवर शिकवण्यात कमीपणा नाही. मुलाला भाषा हवी. ती कानातून येते की डोळ्यांतून, हे नंतरचे.

एक सूचना मालीश करणाऱ्या बायांसाठी. न्हाऊ घालताना बाळाच्या कानात तेल सोडू नये. त्याने कान साफ होत नाही, उलट बुरशी होते आणि तपासणीही चुकते.

पास झालेल्या बाळाकडेही लक्ष असू द्यावे, कारण काही मुलांचे ऐकणे नंतर कमी होते. सहा महिन्यांचे बाळ पाठीमागून आलेल्या आईच्या आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊन एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा मेंदूज्वर होऊन गेला असेल, तर तीन वर्षांची वाट न पाहता थेट ‘बेरा करून द्या’ असे सांगावे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्यावी, आणि तारीख लांबची मिळाली तर ती कार्डावर लिहून घेऊन मगच घरी जावे.