जुन्या पद्मिनीला कोणतं ऑईल?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. नव्या गाडीचं 0W-20 सिंथेटिक ऑईल घातल्यापासून साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून थांबलं, की ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो. काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : ते ऑईल आधी काढून टाका. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेलं हे 1089 सीसीचं इंजिन फियाट 1100 चं, म्हणजे जाड ऑईलच्या काळातलं. झिजलेल्या बेअरिंगमधली फट अशा पातळ ऑईलने भरत नाही. घाटात ते तापून आणखी पातळ होतं आणि आयडलिंगला दाब उतरतो.

20W-50 मिनरल ऑईल घाला. सांगलीचा उन्हाळा ते पेलतं, आणि साताऱ्याच्या थंडीतही गाडी सुरू व्हायला अडचण नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या इंजिनात कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरते, तिला जस्त-फॉस्फरसचं रसायन वाचवतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर 800 पीपीएमची मर्यादा आहे. 20W-50 ला ती लागू नाही.

गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑईल बदलाच, कारण उभ्या गाडीतही त्यात ओलावा आणि आम्ल साठतं.

नव्या ऑईलनंतरही दिवा लुकलुकला, तर मेकॅनिककडून गेज लावून दाब मोजून घ्या. तोवर घाट नको.