बायो, आधी गेटवर जा

बायो, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, शांतिसेनेच्या मिशनमध्ये वकिलाला काम तरी काय असतं गं?" आणि मी दोन वाक्यांत उरकलं. काकू शेजारी बसून ऐकतेय, हे तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळलं होतं. तिच्यादेखत सगळं बोलले असते, तर तुझा अर्ज जायच्या आत तिने देव पाण्यात घातले असते. म्हणून आज निवांत लिहिते.

एक आधीच सांगून ठेवते. मी दोन मिशन्समध्ये काम केलं, त्यातलं एक दक्षिण सुदानचं. पण माझ्या अनुभवातली गोष्ट सांगताना कुठलं मिशन, कुठलं गाव, कोण माणूस, हे सांगणार नाही. तिथे आपल्या टेबलावर येणारा कागद बहुतेकदा कुणाच्या तरी दुःखाचा असतो, आणि तो आपल्या मालकीचा नसतो. ही सवय तुलाही लावून घ्यावी लागेल. गणपतीत सगळे जमले आणि आग्रह झाला, तरीही.

तर काम. काळा कोट विसर, कोर्टात उभं राहायचं नाही. अत्याचारांच्या नोंदी घेणारे मानवी हक्क अधिकारी वेगळे. त्या देशाच्या न्यायाधीशांना आणि तुरुंगांना मदत करणारे वेगळे. लीगल ऑफिसर म्हणजे मिशनचा घरचा वकील. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव करून मिशनला जे काम नेमून दिलं, ते करताना कुठवर जाता येईल आणि कुठे थांबायचं, हे त्याने सांगायचं. यजमान देशाशी झालेल्या कराराला सगळे 'सोफा' म्हणतात. ती तुझी रोजची पोथी. गाड्या नाक्यावर अडवल्या, विमानाला परवानगी मिळाली नाही, सामानावर कर मागितला, एखाद्या स्थानिक कर्मचाऱ्याला धरून नेलं, की परराष्ट्र मंत्रालयाला पत्र जातं. त्याला नोट व्हर्बाल म्हणतात आणि त्याचा मसुदा तुझ्याकडून हवा असतो. शिवाय कंत्राटं, अपघातांची चौकशी मंडळं, भरपाईचे दावे. आणि सकाळच्या बैठकीत फोर्स कमांडर एखादा प्रश्न टाकतो, त्याचं उत्तर त्याला तिथल्या तिथे हवं असतं.

हे जग आपल्यापासून तितकं लांब नाही बरं. दक्षिण सुदानात २०१९ मध्ये फोर्स कमांडर म्हणून आले ते लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर. आपल्या जवानांच्या तुकड्या तिथे मिशनच्या सुरुवातीपासून आहेत. हे काकूला सांग. तिला बरं वाटेल.

आता फोर्स कमांडर टाकतो ते प्रश्न कसे असतात ते ऐक. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला आणि हजारो माणसं पोरंबाळं कडेवर घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे धावली. तळांची फाटकं उघडली गेली. १९ डिसेंबरला अकोबोच्या तळावर हल्ला झाला, त्यात आपले दोन जवान शहीद झाले. पुढे तळांलगतच्या छावण्यांत दोन लाखांहून जास्त माणसं राहिली, आणि ती काही महिन्यांत नाही, वर्षानुवर्षं राहिली.

हे वकिलाच्या जागेवरून बघ. आत येणाऱ्याच्या हातात बंदूक आहे. त्याने ती फाटकात ठेवली, तर तो नागरिक झाला का? छावणीत एकाने दुसऱ्याचा खून केला. मिशनला खटला चालवायचा अधिकार नाही, मग त्याला किती दिवस कोंडून ठेवणार? सरकारच्या हवाली करावं, तर तिथे छळ होणार नाही, फाशी होणार नाही, याची हमी कुणाची? सोडून द्यावं, तर तो पुन्हा त्याच तंबूंमध्ये, मेलेल्याच्या बायकोच्या डोळ्यांसमोर. एलएलएमच्या पुस्तकात याचं तयार उत्तर नाही. माझ्या पहिल्या वरिष्ठ बाई एक करायच्या. टिपणाचं शेवटचं वाक्य 'असे करता येणार नाही' असं असलं, की ते न वाचता परत द्यायच्या. म्हणायच्या, "मग काय करता येईल, ते लिहून आण." दक्षिण सुदानात पुढे बेंटिऊ, मालाकाल अशा ठिकाणी फिरती न्यायालयं गेली, त्याला मिशनने मदत केली. सगळा गुंता सुटला असं नाही. पण 'नाही'च्या पुढचं वाक्य कुणीतरी लिहिलं होतं.

आता इम्युनिटी. हा शब्द तुला पहिल्याच आठवड्यात शंभरदा ऐकू येईल. १९४६ च्या कराराने संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना अधिकृत कामापुरतं हे संरक्षण दिलंय. कशासाठी? आपल्याला कुणी दबावाखाली वाकवू नये म्हणून. ते संरक्षण कामाचं आहे, तुझं नाही. न्यायाच्या आड येत असेल आणि संस्थेच्या हिताला बाध येत नसेल, तर ते काढून घेणं हा सरचिटणीसांचा अधिकारही आहे आणि कर्तव्यही. हे त्याच करारात लिहिलंय. तरी कुणीतरी तुझ्या दारात येईलच. घरमालकाचं भाडं थकलंय, सुट्टीच्या दिवशी कुणाला तरी गाडीची धडक बसलीय, "तू फक्त एक पत्र दे, आम्हाला इम्युनिटी आहे म्हणून." असं पत्र देऊ नकोस. गोड बोल, पण देऊ नकोस. आणि त्याच्या उलट, ऑफिसच्या कामामुळे एखाद्या स्थानिक ड्रायव्हरला धरलं असेल, तर जेवण टाकून ऊठ. आपल्याला तिथून विमानाने निघता येतं. त्याचं घर, मुलं, शेत तिथेच असतं. तेच संरक्षण त्याला सगळ्यात जास्त लागतं, आणि तो ते मागायला सगळ्यात जास्त बिचकतो.

इम्युनिटीच्या पोटातला सगळ्यात जड विषय लैंगिक शोषणाचा. २००३ च्या सरचिटणीसांच्या पत्रकाने नियम स्पष्ट केलेत: पैसे, अन्न, नोकरी देऊन शरीरसंबंध ठेवणं बंद, अठरा वर्षांखालच्या मुलामुलींशीही बंद, मग स्थानिक कायद्यात वय काहीही असो. पण सैनिकावर फौजदारी खटला चालवायचा अधिकार फक्त त्याच्या स्वतःच्या देशाला असतो. मिशन त्याला परत पाठवू शकतं, पुरावे जपू शकतं, पाठपुरावा करू शकतं. म्हणून पुरावे पहिल्या दिवशीच नीट जपले गेले पाहिजेत. अशा फायलीत मुलीला तीच गोष्ट चार माणसांपुढे चार वेळा सांगायला लागू नये, हे बघणं तुझ्या पदाच्या वर्णनात लिहिलेलं नसेल. तू मात्र ते बघ.

आता जे तुला फोनवर सांगायचं राहिलं ते. मी नवी होते. मिशनच्या एका मालट्रकने मागे घेताना एका माणसाची चहाची टपरी चिरडली. दावा माझ्याकडे आला. मी नियमाप्रमाणे पत्र लिहिलं: मालकीचा पुरावा जोडा, मालाच्या पावत्या जोडा, उत्पन्नाचा दाखला जोडा. पत्रात एक चूक काढता आली नसती. तो माणूस ते घेऊन गेला आणि परत आलाच नाही. दोनतीन आठवड्यांनी ऑफिसातली तिथलीच एक सहकारी मला हळूच म्हणाली, "त्याला वाचता येत नाही. तुला माहीत होतं ना?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मला आपले आजोबा आठवले. आपल्या सातबाऱ्यावरची ती वीसबावीस नावं, आणि कुंपणाच्या भांडणात तलाठ्याने गावातल्या चार माणसांना उभं करून केलेला पंचनामा. कागद नसला तर माणसं असतात, हे मी परकर घालायच्या वयात पाहिलं होतं आणि पदव्या घेताना विसरले होते. दुसऱ्या दिवशी त्या सहकारिणीला घेऊन मी टपरीच्या जागेवर गेले. शेजारची भाजीवाली, पंक्चरवाला, एक म्हातारे गृहस्थ, सगळे जमले. किती किटल्या, किती पेले, बाकं किती, शेगडी कसली, रोज साखर किती लागायची. सगळं त्यांनी सांगितलं. आम्ही लिहिलं, नकाशा काढला, वाचून दाखवलं, खाली अंगठे घेतले. दावा मंजूर झाला. रक्कम लहान होती. पण तो माणूस पैसे घ्यायला आला तेव्हा पैशांआधी त्याने विचारलं, तो कागद मला पुन्हा एकदा वाचून दाखवाल का?

बायो, त्या टपरीवाल्याला दुसरीकडे कुठे जाता आलं नसतं, हे लक्षात घे. 'सोफा' करारांत स्वतंत्र दावा आयोगाची तरतूद असते, पण तसा आयोग आजवर एकाही मिशनमध्ये बसलेला नाही. त्या देशाच्या कोर्टात जावं, तर संस्थेला इम्युनिटी. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच घरातलं मंडळ निवाडा करतं. १९९८ च्या आमसभेच्या ठरावाने मर्यादाही घातल्यात: इजा किंवा मृत्यूसाठी जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, आणि दावा साधारण सहा महिन्यांच्या आत. ज्याला वाचता येत नाही, त्याला ही मुदत सांगणार कोण? आणि त्या मंडळाला सल्ला देणारी तू. या नोकरीतली खरी ताकद इथे आहे, आणि खरी भीतीही.

हैतीचं उदाहरण कायम लक्षात ठेव. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे कॉलरा पसरला. मिरबालेजवळच्या शांतिसैनिकांच्या तळातलं सांडपाणी नदीत गेलं, आणि साथीचा माग तिथवर पोहोचला. जवळपास दहा हजार माणसं गेली. २०११ मध्ये सुमारे पाच हजार पीडितांच्या वतीने भरपाईचे दावे दाखल झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये उत्तर गेलं, की हे दावे विचारात घेण्याजोगे नाहीत. आधार १९४६ च्या कराराच्या २९ व्या कलमाचा. अमेरिकेतल्या अपील कोर्टानेही २०१६ मध्ये संस्थेची इम्युनिटी उचलून धरली. कोर्टात संस्था जिंकली. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली. मधल्या वर्षांत ज्या आईचं मूल गेलं, तिच्या हातात काय होतं? एक पत्र. माझ्या टपरीवाल्याच्या हातातही एक पत्रच होतं. आकार वेगळा, जात एकच. कलम बरोबर असूनही माणसाला उत्तर मिळत नाही, असं होऊ शकतं. आपण शिकतो ते कलम शोधायला. उत्तर द्यायला आपलं आपण शिकावं लागतं.

आता व्यवहाराचं. पी-३ दर्जाच्या जागेला साधारण पाच वर्षांचा अनुभव मागतात, पी-२ ला दोन. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमला वयाची अट बत्तीसची, आणि त्या वर्षीच्या यादीत आपला देश आहे का ते आधी बघ. यूएन व्हॉलंटियर म्हणून शिरणंही चांगलं. खूप जण तिथूनच वर आले. अर्ज करायला पैसे मागणारा प्रत्येक माणूस लबाड आहे, कारण संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाही. फ्रेंच शीक, आजपासून शीक. आफ्रिकेतली बरीच मिशन्स फ्रेंच बोलणाऱ्या देशांत झाली. आणि रत्नागिरीत मोटार अपघात दाव्यांचं जे काम तुला कमी दर्जाचं वाटतंय ना, ते सोडू नकोस. जखमी माणसाशी कसं बोलावं, नुकसान कसं मोजावं, साक्षीदार कसा गाठावा, हे तुला तिथे येतंय. दावा मंडळासमोर नेमकं हेच लागतं.

राहणं कंटेनरच्या खोलीत. रात्रभर जनरेटरचा घुरघुराट, संध्याकाळनंतर बाहेर पडायला बंदी, मलेरियाची धास्ती. ठरावीक आठवड्यांनी विश्रांतीची रजा मिळते. तेव्हा खरंच निघ, 'काम आहे' म्हणून राहू नकोस. मी एकदा राहिले आणि नंतर महिनाभर फाइल उघडली की हात थरथरायचे. बहुतेक अशी ठिकाणं कुटुंब न्यायला परवानगी नसलेली असतात. लग्नाचं बोलणं चाललंय ना? मग त्या मुलाला हे आत्ताच सांग, साखरपुड्यानंतर नको. आणि नोकरी पक्की समजू नकोस. मालीने जून २०२३ मध्ये मिशनला निघून जायला सांगितलं, आणि वर्षअखेरीला दहा वर्षांचं मिशन आवरलं गेलं. अलीकडे तर पैशांअभावी सगळीकडेच कपात चाललीय. थोडी शिल्लक बाजूला ठेव, आणि सनद जिवंत ठेव.

एवढं सगळं वाचून तुझं मन अजून तिकडेच ओढत असेल, तर जा. काकूला मी समजावते.

फक्त पहिल्या दिवशी माझं एक ऐक. ओळखपत्र झालं, खोलीची किल्ली मिळाली, की ऑफिसात जायच्या आधी मुख्य गेटवर जा आणि बाहेरच्या बाजूला उभी राहा. तक्रार घेऊन आलेला माणूस कुठे उभा राहतो ते बघ. सावली आहे का? त्याचा कागद कोण घेतं? पोच देतं का? दावा कुठे करायचा आणि किती दिवसांत, हे तिथल्या भाषेत लिहिलेलं आहे का, आणि वाचता न येणाऱ्याला सांगायला कुणी आहे का? नसेल, तर तुझं पहिलं टिपण त्यावरच लिही. माझ्या टपरीवाल्याला मी दोनतीन आठवडे उशिरा भेटले. तू वेळेत भेट.