शिक्का उमटला का?

‘शिक्कामोर्तब होणे’ हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. शिवकाळात पत्राच्या वर शिक्का आणि शेवटी मोर्तब, म्हणजे दुसरा छोटा शिक्का, उमटवत असत. मजकूर कितीही महत्त्वाचा असो, शिक्का बघूनच हुकूम खरा मानला जाई. आपल्या पेशींमध्येही असंच काहीसं घडतं.

जीसीएसईच्या बायॉलॉजीत तुम्ही जनुकं आणि प्रथिनं शिकता. कोणतं जनुक कधी चालू करायचं, हे काही खास प्रथिनं ठरवतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ‘क्रेब’ हे त्यांतलंच एक. शिकलेली गोष्ट बरेच दिवस लक्षात राहते, त्यात मेंदूतल्या क्रेबचा वाटा असतो.

गंमत म्हणजे, संदेश येण्याआधीही क्रेब पेशीत हजर असतं. संदेश आला, की त्याच्या साखळीतल्या १३३व्या जागी फॉस्फेट जोडला जातो. हाच तो शिक्का! म्हणून क्रेब किती आहे, हे मोजून भागत नाही. शिक्का उमटलाय का, ते बघावं लागतं.

त्यासाठी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, वापरतात. एरवी ती शरीरात रोगजंतू ओळखतात. प्रयोगशाळेत मात्र त्यांच्याकडून हवं ते प्रथिन शोधून घेता येतं. फॉस्फो-स्पेसिफिक प्रतिपिंड शिक्का असलेल्या क्रेबलाच चिकटतं, कोऱ्या क्रेबला नाही.

पण प्राण्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं दर खेपेला थोडी वेगळी निघतात. १९७५ मध्ये केंब्रिजला सेझार मिलस्टीन आणि जॉर्ज कोलर यांनी एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवत राहणाऱ्या पेशी तयार केल्या. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरी अशा पेशीही कधी बदलतात, कधी मरतात. रिकॉम्बिनंट प्रतिपिंडाचं तसं नाही. प्रोग्रॅमचा कोड जपून ठेवावा, तसा त्याच्या जनुकाचा क्रम लिहून ठेवलेला असतो. त्यावरून रीडिंगमध्ये काय नि पुण्यात काय, तेच प्रतिपिंड पुन्हा बनवता येतं.

तरीही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. नमुन्यातले फॉस्फेट विकर वापरून काढून टाकायचे आणि पुन्हा बघायचं. शिक्का पुसल्यावर खूणही गेली पाहिजे. ती तशीच राहिली, तर प्रतिपिंड भलतंच काही दाखवतंय! त्यावर विसंबलं, तर वर्षांची मेहनत पाण्यात जाते.

शब्दार्थ
कोरा – काही न लिहिलेला. इथे, शिक्का नसलेला
विकर – शरीरातली रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन
विसंबणे – भरवसा ठेवून राहणे
पाण्यात जाणे – वाया जाणे

प्रश्न
१. क्रेब किती आहे, एवढंच मोजून का भागत नाही?
२. रिकॉम्बिनंट प्रतिपिंडाचा फायदा कोणता?
३. ‘शिक्कामोर्तब होणे’ वापरून तुमच्या घरातल्या एखाद्या निर्णयाबद्दल दोन वाक्यं लिहा.