बेबीला पत्र

वाशी, जि. धाराशिव

चि. बेबीस,

येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला गेले होते, तिथं तुझी थोरली जाऊ भेटली. म्हणाली, "बेबीचं वाशीत ऑपरेशन ठरलंय." माझ्या पोटात गोळाच आला. आपल्या वाशीत कसलं ऑपरेशन? मग उलगडलं, वाशी नव्या मुंबईतली आणि ऑपरेशन चेहऱ्याचं. लेकीच्या लग्नात तरुण दिसायचं म्हणून फेसलिफ्ट! अगं, लग्न तिचं का तुझं?

बीपीचं डॉक्टरांना सांगितलंस का? दादाला कशानं नेलं ते तुला सांगायला नको. फेसलिफ्टमध्ये कानापुढून चिरतात, कातडी सोडवतात, आतला थर वर ओढून टाके घालतात. नंतर बीपी चढलं तर कातडीखाली रक्त साकळतं आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. चेहरा हलवणाऱ्या नसाही तिथूनच जातात.

प्लास्टिक सर्जरीची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्यानं कपाळाची कातडी वळवून नाक करून दिलं. 1794 साली लंडनच्या मासिकात ते छापून आलं. पण त्याचं नाक गेलं होतं गं. तुझं काय गेलंय?

रागात लिहून गेले. तोंडावरच्या देवीच्या वणांपायी मी फोटोवाला आला की माजघरात जाऊन बसायची. दादाच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. आता तो गेला, आणि आम्हा भावंडांचा मिळून एक फोटो घरात नाही. तेव्हा कुणी वण घालवतो म्हणालं असतं, तर मीसुद्धा बसले असते त्याच्यापुढं.

म्हणून नको म्हणत नाही. पण सर्जन एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी झालेला आहे का, भूलतज्ज्ञ हजर असणार का, ते विचार. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याच्यापुढं ठेव, लपवू नकोस. आणि लग्न तोंडावर असताना नको. सूज आणि काळंनिळं उतरायला आठवडे जातात.

तारीख ठरली की आधी मला कळव, जावेकडून कळायला नको. मी येईन. उंच उशी देऊन निजवीन, चावायला नको म्हणून ज्वारीच्या कण्या शिजवीन. बीपी मोजायचं यंत्र माझंच आणते. त्या बाबतीत तुझ्यावर माझा काडीचा भरवसा नाही.

तुझी,
आत्या