गाडीला जोडून एसटी : मालवण किनाऱ्यावरील एका मागणीचा धडा

कोकण रेल्वे सिंधुदुर्ग जिल्ह्यातून किनाऱ्याला समांतर, परंतु किनाऱ्यापासून बरीच आत धावते. त्यामुळे मालवण, देवगड आणि वेंगुर्ला या तिन्ही किनारी शहरांना स्वतःचे स्थानक नाही आणि मालवणकरांना सोयीचे असलेले कुडाळ स्थानकही सुमारे ३० किलोमीटरवर पडते. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर सलग वाहतूक सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली, तरी देवबाग, आचरा किंवा मसुरे येथील प्रवाशाची खरी ओढाताण स्थानकाच्या फाटकाबाहेर पडल्यावरच सुरू होते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. मात्र गाडीच्या वेळेला एसटी नसेल, तर त्या सवलतीचा लाभ न घेता रिक्षाचे पूर्ण भाडे मोजण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या अडचणीवर गावोगावी केली जाणारी मागणी बहुधा एकच असते, ती म्हणजे फेऱ्या वाढवण्याची, आणि तिची वाटचालही बहुधा एकाच क्रमाने होते. नवी फेरी मंजूर होते आणि तिची वेळ रेल्वेच्या छापील वेळापत्रकावरून ठरते. परंतु कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, म्हणजेच क्रॉसिंगसाठी, गाड्या वाटेत थांबतात आणि उशीर होतो. चालक-वाहकांची पुढची फेरी ठरलेली असल्याने एसटी आपल्या वेळेवर सुटते, तिच्यामागून रेल्वेचे प्रवासी उतरतात आणि भारमान, म्हणजे उपलब्ध आसनांच्या तुलनेत प्रत्यक्ष प्रवाशांचे प्रमाण, घसरत जाते. अखेरीस प्रतिसाद नसल्याच्या कारणावरून फेरी बंद होते आणि पुढील अर्जाला उत्तर देताना हाच आकडा पुढे केला जातो. म्हणून सदोष जोडणीची फेरी पदरात पाडून घेणे हे फेरी नसण्यापेक्षाही अधिक नुकसानीचे ठरू शकते.

पावसाळ्यात ही गुंतागुंत वाढते. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे भीषण अपघात झाला होता. अशा धोक्यामुळे साधारण जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वे कमी वेगाचे स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक लागू करते. एसटीची वेळ त्यानुसार हलली नाही, तर उन्हाळ्यात नीट चाललेली जोडणीही जूनमध्ये तुटते. याउलट स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे देशव्यापी वेळापत्रक अमलात आले आणि बसच्या वेळा गाड्यांशी जुळवण्यावर भर राहिला. येथे मात्र रेल्वे एका महामंडळाची आणि एसटी दुसऱ्या महामंडळाची असल्याने हे जुळवण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यसूचीत ठळकपणे येत नाही.

तेव्हा मागणी करणाऱ्यांनी प्रथम एकच गाडी निवडावी, उदाहरणार्थ रात्री मुंबईहून सुटून सकाळी कुडाळला येणारी कोकणकन्या, आणि तिच्यासाठी जाण्याची व येण्याची अशी दोन्ही बाजूंची सोय मागावी. गाडी उशिरा असल्यास एसटीने कमाल किती मिनिटे थांबावे आणि उशिराची खबर वाहतूक नियंत्रकाला, म्हणजे बसस्थानकावर गाड्या सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, कोणी द्यावी, हे अर्जातच लिहावे; थांबण्याची मर्यादा न सांगणारा अर्ज आगाराला पाळता येण्याजोगा नसतो. ग्रामसभेचा ठराव जोडून हा अर्ज आगार व्यवस्थापकाबरोबरच कणकवलीच्या विभाग नियंत्रकांकडेही द्यावा आणि पावसाळी वेळापत्रक लागू होण्यापूर्वी व संपण्यापूर्वी, असा वर्षातून दोनदा, त्याचा पाठपुरावा करावा.

नवी एसटी मागण्याआधी मुक्कामी एसटीचा, म्हणजे रात्री गावात वस्तीला राहून पहाटे सुटणाऱ्या गाडीचा, विचार करणे अधिक फलदायी ठरते, कारण तिची वेळ किंवा शेवटचा थांबा थोडा बदलल्यास नवे वाहन लागतेच असे नाही. मात्र याच गाडीने विद्यार्थी आणि बाजाराला जाणाऱ्या मासळीविक्रेत्या स्त्रिया प्रवास करत असतील, तर त्यांच्याशी आधी बोलणे अनिवार्य आहे. एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय झाली, की गावातूनच विरोधी अर्ज जातो आणि दोन्ही मागण्या बाजूला पडतात.

फेरी सुरू झाल्यावर गाडी कधी आली, एसटी कधी सुटली आणि किती प्रवासी चढले, याची नोंद प्रवाशांनी स्वतः ठेवावी, जेणेकरून भारमान घसरल्यास प्रवासी नव्हते की जोडणी चुकली, हे दाखवता येईल. ही नोंद गणेशोत्सवातील असू नये, कारण चाकरमान्यांच्या गर्दीत कोणतीही फेरी भरते. जुलैमधील साध्या आठवड्याची नोंदच फेरीची खरी गरज सिद्ध करते.