आधी कार्ड जपा, मग व्हिडिओ बघा

डॅशकॅमचं कार्ड संगणकाला लावलं की कधीकधी एक चौकट उगवते : ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं. त्यातलं 'कॅन्सल' दाबायचं. बाकी सगळं नंतर.

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला माझी गाडी उभी असताना मागून पिकअपने ठोकलं. ड्रायव्हर खाली उतरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काकांनीच रिव्हर्स घेतली." मी वाद घातला नाही. मागच्या काचेवर कॅमेरा होता. संध्याकाळी कार्ड काढून घरच्या जुन्या संगणकाला लावलं तर वरची चौकट हजर. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा मदतीला बसला होता. त्याने निदान केलं, "काका, कार्ड करप्ट झालंय. फॉरमॅट मारू का?" माऊस त्याच्या हातात होता, तो आधी काढून घेतला.

कार्ड ठणठणीत होतं. आजारी होता तो कार्ड रीडर. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने आखलेली असतात आणि जुन्या काळचे रीडर ३२ जीबीपर्यंतचीच ओळखतात. पुढचं काही वाचता आलं नाही की विंडोज बिनदिक्कत फॉरमॅट सुचवतं. नवा रीडर आणला, तो सरळ संगणकाच्या मागच्या यूएसबीत लावला, मधला हब काढून टाकला, आणि सगळे फोल्डर दिसले. म्हणून असं झालं तर पहिल्यांदा रीडर बदला, मग यूएसबीचं भोक बदला, मग दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लावून बघा. 'स्कॅन अँड फिक्स' असं विचारलं तरी नाहीच म्हणा. त्या दुरुस्तीत अर्धवट फायलींचे तुकडे इकडचे तिकडे होतात.

आणखी एक बारीक गोष्ट. छोटं कार्ड ज्या मोठ्या अडॅप्टरमध्ये सरकवतो, त्याच्या डाव्या कडेला नखाएवढी खिटी असते. ती खाली ओढली की कार्ड 'लॉक' होतं आणि बहुतेक रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत. कार्ड लावायच्या आधी ती ओढायची. मग शेजारचा मुलगा बसला तरी चिंता नाही.

फोल्डर दिसले की क्लिप उघडायचा मोह होतो. आधी अख्खं कार्ड हार्डडिस्कवर कॉपी करा आणि बघायचं ते त्या कॉपीतून. कार्डावरून थेट चालवलं की व्हिडिओ अडखळतो, आणि लोकांना वाटतं फाईलच बिघडली.

माझी क्लिप कॉपीतूनही धड चालली नाही. आवाज येत होता : हॉर्न, ब्रेक, मग धाडकन. चित्राच्या जागी मात्र काळोख. डबा तोच, आत भाजी वेगळी, असा हा प्रकार. फाईलचं नाव 'एमपी४' असलं तरी आतला व्हिडिओ एच.२६४ असू शकतो किंवा एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात. पहिला २००३ सालचा, कुठेही चालतो. दुसरा २०१३ सालचा. निम्म्या जागेत तेवढंच चित्र मावतं, म्हणून फोर-के कॅमेरे तो वापरतात. विंडोजचा स्वतःचा प्लेअर त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन मागतो आणि त्याचे थोडे पैसे पडतात. व्हीएलसी प्लेअर फुकट आहे आणि त्याला असं काही लागत नाही.

व्हीएलसी घ्यायचा तो व्हिडिओलॅनच्याच संकेतस्थळावरून. २०२२ मध्ये हे संकेतस्थळ भारतात कित्येक महिने बंद होतं. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात ते खुलं झालं. त्या काळात लोकांनी कुठूनकुठून व्हीएलसी उतरवून घेतला आणि ती सवय अजून गेलेली नाही. 'कोडेक पॅक' नावाची जी गाठोडी शोधात वर येतात, त्यांच्या तर वाटेला जाऊ नका. व्हिडिओसाठी म्हणून घेतलेल्या गाठोड्यातून संगणकात काय काय शिरेल याचा नेम नाही.

व्हीएलसीत चित्र आलं, पण झटके देत आणि मध्येच हिरवं होत. हा दोष संगणकाच्या वयाचा. साधारण २०१५ नंतरच्या इंटेल प्रोसेसरमध्ये (सहाव्या पिढीपासून) एचईव्हीसी उलगडण्याची सोय चिपमध्येच असते. त्याआधीच्यात सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि तो धापा टाकतो. हिरवा रंग येत असेल तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट / कोडेक्स'खाली हार्डवेअर डिकोडिंग बंद करून बघा. झटके बसत असतील तर हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने हव्या त्या क्लिपची एच.२६४ कॉपी करून घ्या. एवढा खटाटोप नको असेल तर हार्डडिस्कवरची क्लिप तशीच मोबाईलवर घ्या. अलीकडचा मध्यम किमतीचा फोनसुद्धा या बाबतीत घरच्या जुन्या संगणकापेक्षा वरचढ असतो. हँडब्रेकची कॉपी फक्त बघण्यापुरती, एवढं लक्षात असू द्या. दाव्याला लागते ती मूळ फाईल.

धडकेत कॅमेऱ्याची वायर निसटली तर शेवटची क्लिप उघडतच नाही. आकार दिसतो दीडशे एमबी, पण प्लेअर म्हणतो फाईल खराब. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते, आणि वीज गेल्यामुळे ती लिहायची राहून गेलेली असते. चित्र आत शाबूत असतं. अनट्रंक नावाचं फुकट साधन त्याच कॅमेऱ्याची दुसरी धडधाकट क्लिप नमुना म्हणून घेऊन ही अनुक्रमणिका पुन्हा उभी करतं. हेही कॉपीवरच करायचं. महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात माझ्या ओळखीच्या एकाला अशी फाईल 'डेड' म्हणून परत दिली होती. ती नंतर घरीच उघडली. कॅमेऱ्यात फॉरमॅट निवडायची सोय असेल तर 'टीएस' निवडा. त्यात मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग दिसतं.

माझ्या क्लिपमध्ये सगळं स्पष्ट होतं. मी उभा, पिकअप मोठा मोठा होत येतोय. पण कोपऱ्यात वेळ होती पहाटेचे ४.१०. धडक झाली ९.४० ला. पिकअपचा मालक लगेच म्हणाला, हा दुसऱ्याच दिवसाचा व्हिडिओ. चित्रात लख्ख ऊन पडलंय, हे त्याला दिसत नव्हतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक होता, कारण बसवणाऱ्याने कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रीनिचवरच सोडलं होतं. अशा वेळी घाईघाईने घड्याळ दुरुस्त करू नका. कॅमेऱ्याचा पडदा आणि मोबाईलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या म्हणजे फरक नोंदवला जाईल. मग घड्याळ लावा.

विम्याच्या सर्व्हेअरला क्लिप व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि नंबरप्लेट पुसट होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. मूळ कार्ड मात्र कुणाच्या हाती देऊ नका.

याचं कारण जालन्याच्या खटल्यात सापडतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाले होते का, यावर पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले, आणि सगळा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर आला. न्यायालयापुढे होत्या त्या सीडी, म्हणजे कॉपी. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या निकालात सांगितलं की कॉपी द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरण मालकाने स्वतः हजर केलं तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलेला आहे आणि त्यात फाईलची 'हॅश' किंमत लिहावी लागते. सेव्हन-झिप संगणकात असेल तर फाईलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ निवडलं की ती निघते. कॉपी केली त्याच दिवशी काढून ठेवा. नंतर फाईलचा एक बिटही बदलला तर हॅश जुळत नाही. पुढचं वकिलाला विचारा.

म्हणून धडक झाली की जागच्या जागी कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्या आणि डिकीत ठेवलेलं दुसरं घाला. फोर-के कॅमेरा ३० एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर ६४ जीबीचं कार्ड साडेचार तासांच्या आसपास भरतं आणि मग सगळ्यात जुनी क्लिप पुसायला लागतं. सकाळी द्वारकेला कुणी घासून गेलं आणि तुम्ही तसेच मुंबईला जाऊन परत आलात, तर रात्री कार्डावर कसारा घाट असेल, द्वारका नसेल. धक्का बसला की क्लिप आपोआप 'इव्हेंट' फोल्डरमध्ये कुलूपबंद होते हे खरं. पण आपल्या रस्त्यांवर जी-सेन्सरला प्रत्येक खड्डा हा अपघातच वाटतो. माझ्या त्या फोल्डरमध्ये पिकअपची एक क्लिप होती आणि बाकी सगळे सिडको ते मुंबई नाक्यामधले खड्डे. फोल्डर असा भरला की काही कॅमेरे नवं कुलूप लावतच नाहीत, काही 'कार्ड फुल' म्हणत थांबतात. सेन्सरची संवेदनशीलता 'लो'वर ठेवा आणि महिन्याला तो फोल्डर रिकामा करा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची काच तव्यासारखी तापते, तेव्हा कार्डही 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच घ्या. ते साध्या कार्डापेक्षा थोडं महाग पडतं.