बर्लिनचे जर्मन क्रीडागार
(इयत्ता सातवी : इतिहास व शारीरिक शिक्षण यांचा समवाय-पाठ)

उद्देश : एखादी वास्तू कोणत्या हेतूने उभारली जाते व कोणत्या हेतूने पाडली जाते, यावरून त्या काळाचे स्वरूप कसे उमगते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे.

प्रस्तावना : मानोरा तालुक्यातील विद्यार्थ्यांस अमरावती शहर परिचित असते. तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली. १९३६ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. ही माहिती सांगून शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावा : त्या सामन्यांसाठी उभारलेल्या भव्य क्रीडागाराच्या जागी पूर्वी काय होते?

विवेचन : त्या जागी ‘जर्मन क्रीडागार’ होते. १९१६ चे ऑलिंपिक सामने बर्लिनला भरावयाचे ठरल्यामुळे वास्तुशिल्पज्ञ ऑटो मार्च यांच्या आराखड्याप्रमाणे ते बांधण्यात आले. ८ जून १९१३ रोजी सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. ते घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात असल्याने, शर्यती पाहणारांस अडथळा होऊ नये म्हणून जमीन खोदून सखल पातळीवर बांधले होते. तेथे सुमारे तीस हजार प्रेक्षकांची सोय, ६०० मीटरची धावपट्टी, सायकलींच्या शर्यतीचा मार्ग व १०० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव होता.

परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले आणि १९१६ चे सामने झालेच नाहीत. १९१२ साली स्टॉकहोम येथे ४०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळविणारा जर्मन धावपटू हान्स ब्राऊन १९१८ मध्ये वैमानिक म्हणून लढताना मृत्यू पावला. ज्यांच्यासाठी धावपट्टी आखली, त्यांतील कित्येक तरुण रणभूमीवरून परतले नाहीत.

युद्धानंतर त्या वास्तूस निराळे कार्य लाभले. १९२० साली बर्लिनमध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले व या क्रीडागाराच्या परिसरात शिक्षक तयार होऊ लागले.

पुढे १९३६ च्या सामन्यांचा मान बर्लिनला मिळाला. जुने क्रीडागार अपुरे होते हे खरे. तथापि त्याचाच विस्तार करण्याची योजना पुढे आली होती. १९३३ साली सत्तेवर आलेल्या हिटलरने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जागेची पाहणी करून नवे, प्रचंड क्रीडागार बांधण्याचा हुकूम दिला. १९३४ साली जुनी वास्तू पाडण्यात आली. नव्या वास्तूचे शिल्पज्ञ ऑटो मार्च यांचेच पुत्र वेर्नेर मार्च हे होते. तीत सुमारे एक लक्ष प्रेक्षकांची सोय झाली. पण उंच उडीत १.६० मीटरचा जर्मन विक्रम गाठणाऱ्या ग्रेटेल बेर्गमान हिला केवळ ती ज्यू असल्यामुळे संघातून वगळण्यात आले. प्रेक्षागार विस्तारले, मन मात्र संकुचित झाले, हा विरोध शिक्षकांनी विशेष स्पष्ट करावा.

उपक्रम : शाळेच्या पटांगणावर दोरीने अंतर मोजून मुलांस १०० मीटर चालवावे. खेळ घेताना कोणत्याही मुलास जात, धर्म वा अशक्तपणा यांमुळे बाजूस बसवू नये. या पाठाचे खरे आचरण तेच होय.

प्रश्न :
१. जर्मन क्रीडागार जमिनीच्या पातळीखाली का बांधले?
२. १९१६ चे सामने का झाले नाहीत?
३. १५०० मीटर धावण्यासाठी ६०० मीटरच्या धावपट्टीवर किती फेऱ्या होतील? ४०० मीटरच्या धावपट्टीवर किती?
४. क्रीडागार मोठे झाले म्हणजे खेळ मोठा झाला, असे म्हणता येईल काय? सकारण सांगा.